टेबलावरचे पैसे कुणाच्या खात्यात?

तीन दिवसांत सगळं आटोपलं. २० ऑगस्ट २०२५ ला विधेयक लोकसभेत मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत, आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन पोकर, रमी, फँटसी क्रिकेट, सगळ्यांवर भारतात एकदमच पडदा पडला. खेळ कौशल्याचा, नशिबाचा की दोन्हींचा, हे नवा कायदा विचारतच नाही. पैसे भरून पैसे जिंकायची आशा असली की खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सरकारच्या लेखी तो बळी आहे.

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. इथं ऑनलाइन पोकर २०१३ पासून कायदेशीर आहे, आणि कधीतरी शुक्रवारी रात्री भांडी मशीनला लावून झाली की मी खेळतेही. पाच-दहा सेंटांचं टेबल. हरले तर पिझ्झाचे पैसे गेले म्हणायचं. नोकरी ऑडिटची, त्यामुळे दुसऱ्यांचे हिशेब तपासायची खोड अंगात मुरलेली. कायदा आला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर कुस्तीच लागली होती. सांगलीचे काका म्हणत होते, "पैसे लावून पत्ते कुटायचे त्याला आमच्या वेळी जुगार म्हणत, पोलीस धाड घालायचे. मोबाइलवर खेळला म्हणून त्याचं बुद्धिबळ होतं का?" (हेच काका गणपतीच्या जागरणाला आठ आण्यांची तीन पत्ती खेळत, पण ते असो.) पुण्यातला मावसभाऊ नोकरी सांभाळून रात्री तीन-चार टेबलं एकदम खेळायचा आणि त्याचा एक्सेलमध्ये हिशेब ठेवायचा. तो कोर्टाच्या निकालांच्या लिंका टाकत होता. शेवटी दोघांनी मला मधे ओढलं: तू तिकडं राहतेस, तूच सांग.

मी सांगितलं ते दोघांनाही रुचलं नाही. पोकर जुगार आहे का, या प्रश्नाचा उपयोग वकिलांची फी सोडली तर फारसा कुणाला नाही, असं माझं मत आहे. टेबलावर बसलेल्या माणसाचे पैसे कुणाच्या खात्यात आहेत, प्रत्येक डावाची नोंद कोण तपासू शकतं, आणि ज्याला थांबता येत नाही त्याला थांबवायची जबाबदारी कुणावर आहे, हे आधी विचारायला हवं. भारतात हे तीन प्रश्न बंदीच्या आधी कुणी नेटानं विचारले नाहीत, आणि बंदीनंतर तर ते विचारायची सोयच उरली नाही.

कौशल्याचा प्रश्न आपल्याकडे आला तो १८६७ च्या जुगार कायद्यातून. इंग्रजांनी निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळले, आणि १८८७ च्या मुंबईच्या कायद्यातही ती फट राहिली. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये सांगितलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं काय सोडायचं हे ठरवावं लागतं. तीन पत्तीला मात्र त्यांनी नशिबाच्या पारड्यात टाकलं. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या ठरल्या, म्हणून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आजही राजरोस पैसे लागतात. मग पोकरवाले रांगेत उभे राहिले. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालय म्हणालं, हा जुगारच. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं पोकर आणि रमी दोन्हींना कौशल्याच्या बाजूला बसवलं. २०२४ मध्ये अलाहाबादनं तेच म्हटलं. मावसभावाच्या लिंका याच.

पण १९६८ च्या त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे पोकरवाले सहसा बोट दाखवत नाहीत. क्लबचा किंवा घराचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा लागू शकतो, असं न्यायालयानं तिथं म्हणून ठेवलं आहे. अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून जो नाल काढतो, त्यालाच ऑनलाइनवाले रेक म्हणतात. साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खेळातून कोण कमावतं, किती आणि कसं, हा प्रश्न तेव्हाच टेबलावर आला होता. आपण पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं दुसऱ्याच प्रश्नावर वाद घालत बसलो.

अमेरिकेतही हा वाद झाला. न्यूयॉर्कमधल्या एका केंद्रीय न्यायाधीशांनी २०१२ मध्ये लांबलचक निकाल देऊन पोकरमध्ये कौशल्य नशिबापेक्षा वरचढ असल्याचं सांगितलं; पोकरवाल्यांनी पेढे वाटले. २०१३ मध्ये वरच्या कोर्टानं तो फिरवला. त्याच वर्षी न्यू जर्सीनं मात्र या वादात न पडता ऑनलाइन जुगाराचा कायदा केला. पोकर जुगार असेल तर असू दे, परवाना घ्या आणि आमच्या नियमांत चालवा, एवढीच त्यांची भूमिका.

मला तर कौशल्याचा युक्तिवाद पोकरवाल्यांच्या गळ्यातच अडकतो असं वाटतं. लॉटरीत पीएचडीवाला आणि चौथी पास सारखेच. दोघांचीही हरायची शक्यता तेवढीच. महाराष्ट्र सरकार १९६९ पासून स्वतः लॉटरी विकतं, त्यात निदान ही समता आहे. पोकरमध्ये कौशल्य आहे म्हणजेच ज्याच्याकडे ते नाही त्याचं हरणं जवळजवळ ठरलेलं आहे. आणि गेल्या दहा वर्षांत ही दरी भयंकर वाढली आहे. प्रत्येक परिस्थितीत गणिती दृष्ट्या बिनचूक चाल कोणती हे काढून देणारे सॉल्व्हर आता घरच्या लॅपटॉपवर चालतात. २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमनं चार मुरलेल्या व्यावसायिकांना एक लाख वीस हजार डावांत धूळ चारली. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन आणि फेसबुकच्या लोकांनी केलेल्या प्लुरिबसनं सहा जणांच्या टेबलावर तेच करून दाखवलं. आता रात्री अकराला ऑफिसातून येऊन पाचशे रुपये टाकून बसणारा पोरगा ज्यांच्याशी खेळतो, त्यांतले काही जण महिनोन्‌महिने सॉल्व्हरसमोर घासून आलेले असतात. काहींच्या शेजारच्या खिडकीत तो चालूच असतो. आणि एखादा तर माणूसच नसतो. हा कौशल्याचा खेळ आहे, म्हणून याला नियम नकोत, असं म्हणणाऱ्याला मी विचारीन: मग नवख्याला आधी सांगायला नको का की तू कुणाशी खेळतो आहेस?

हे सगळं लक्षात घेतलं तर काकांचा राग निराधार नाही. महाराष्ट्रात गेली काही वर्षं जे वातावरण होतं ते मी दरवर्षी सुट्टीत पाहत आले. क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये रमीची जाहिरात, बसवर फँटसी क्रिकेट, यूट्यूबवर मराठी नट येऊन सांगणार की मी जिंकलो, तुम्हीही जिंका, आणि शेवटी "सवय लागू शकते" हे वाक्य जीभ चावली जाईल इतक्या वेगात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बच्चू कडूंनी सचिन तेंडुलकरांच्या वांद्र्याच्या घरासमोर अशाच जाहिरातीवरून आंदोलन केलं. २०२५ च्या जुलैमध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेत मोबाइलवर रमी दिसणारा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, ते समोर आलेलं बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महिनाअखेरीला त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं. दोन्ही वेळा चर्चा कोण दिसलं याभोवतीच फिरली. त्या रमीच्या ॲपवर शेतकऱ्याच्या पोरानं भरलेले पैसे कुठल्या बँकेत ठेवले जातात, हे विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

विधेयकाच्या वेळी सरकारनं आकडा दिला: ४५ कोटी लोक आणि वीस हजार कोटींहून अधिक नुकसान. ऑडिटवाल्या बाईपुढे दोन आकडे ठेवले की ती भागाकार करणारच. माणशी साधारण साडेचारशे रुपये येतात. एवढ्यावर कुणी संसार मोडत नाही. याचा अर्थ प्रश्न लहान आहे असा मुळीच नाही; अर्थ असा की सरासरी इथं फसवी आहे. बहुतेकांचे शे-दोनशे जातात आणि मोजक्या लोकांचं सगळं जातं: पगार, बायकोचे दागिने, कर्जाचे हप्ते, काहींचा जीव. नियम करायचा तो या मोजक्यांना वेळेत ओळखण्यासाठी. आणि ते ओळखू येतात, कारण ॲपकडे प्रत्येक रुपयाची, प्रत्येक मिनिटाची नोंद असते.

आता अमेरिकेची गोष्ट सांगते, कारण इथं बंदी, बजबजपुरी आणि परवाना हे तिन्ही अवतार होऊन गेलेत. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतला एक अकाउंटंट (आडनाव खरंच मनीमेकर) पोकरस्टार्स या साइटवर ८६ डॉलरची सॅटेलाइट स्पर्धा (मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी) जिंकून लास व्हेगासच्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पोचला आणि ८३८ खेळाडूंना मागे टाकून पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर अर्ध्या अमेरिकेला वाटलं, आपणही. २००६ च्या मुख्य स्पर्धेला ८,७७३ जण होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, बंदरांच्या सुरक्षेच्या कायद्याला शेपूट म्हणून एक कलम जोडलं: बेकायदा ऑनलाइन जुगारासाठी बँकांनी पैसे पुढे सरकवायचे नाहीत. शेअर बाजारात नोंदलेल्या, अब्रूला जपणाऱ्या कंपन्या अमेरिका सोडून गेल्या. ज्यांना भीती नव्हती त्या राहिल्या, आणि सगळे खेळाडू त्यांच्याकडे गेले.

मग १५ एप्रिल २०११, शुक्रवार. पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या तिघांवर आरोपपत्र. साइट उघडली की एफबीआयची नोटीस. पोकरस्टार्सनं अमेरिकन खेळाडूंचे पैसे लवकरच परत केले, कारण ते वेगळे ठेवलेले होते. फुल टिल्टकडे ते नव्हतेच. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार जगभरच्या खेळाडूंचं देणं होतं सुमारे ३९ कोटी डॉलर आणि बँकेत होते सहा कोटींच्या आसपास. मधल्या चार वर्षांत मालक-संचालकांनी सुमारे ४४ कोटी वाटून घेतले होते. तेव्हाचे सरकारी वकील प्रीत भरारा यांच्या कार्यालयानं याला पोकर कंपनी म्हणायचं सोडून पाँझी, म्हणजे एकाचे पैसे दुसऱ्याला फिरवणारी फसवी योजना, म्हटलं. अमेरिकन खेळाडूंच्या हातात पैसे पडायला सुरुवात झाली ती २०१४ च्या फेब्रुवारीत. ॲब्सोल्यूटवाल्यांना तर २०१७ पर्यंत थांबावं लागलं.

मला ही गोष्ट इतकी का भिडते? या लोकांचे पैसे पत्त्यांत गेले नव्हते. काही जण तर जिंकलेले होते. स्क्रीनवर दिसणारी शिल्लक आणि बँकेतली शिल्लक यांचा संबंध तुटलेला आहे हे बघणारं कुणी नव्हतं, म्हणून ते गेले.

तेव्हा जे काही तपासलं गेलं, ते खेळाडूंनी तपासलं, हे मात्र नोंदवायला हवं. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकरवरच्या एका स्पर्धेत कुणीतरी अशक्य वाटावं असं खेळत होतं. हरलेल्या खेळाडूनं डावांचा तपशील मागवला, कंपनीनं चुकून सगळ्यांची झाकलेली पानं दिसणारी फाइल पाठवली, आणि पोकरवेड्यांनी रात्री जागून ती ओळीओळीनं वाचून काढली. एका खात्याला समोरच्याची पानं दिसत होती. परवाना देणारा काहनवाके आयोग, माँट्रियलजवळच्या मोहॉक वस्तीतला, त्यानं नंतर पाच लाख डॉलर दंड केला. पण चोर पकडला तो त्या बिनपगारी हिशेबनीसांनी. पोकरच्या खेळाडूंना लोक पत्तेबाज म्हणून हिणवतात. माझ्या धंद्यातल्या कित्येकांपेक्षा त्यांची चिकाटी मोठी आहे.

आता न्यू जर्सी. इथला नियम म्हणतो, खेळाडूंचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात, न्यू जर्सीतल्याच बँकेत ठेवायचे. वय २१. नाव नोंदवताना ओळख पटवायची, आणि तुम्ही राज्याच्या हद्दीत आहात का हे फोन सतत तपासत राहणार. हडसन ओलांडून न्यूयॉर्कला उतरलं की टेबल बंद. राज्याच्या घटनेनुसार कॅसिनोचा जुगार फक्त अटलांटिक सिटीत चालतो, म्हणून सर्व्हर तिकडं ठेवले आहेत आणि माझी सोफ्यावरची चाल कायद्याच्या दृष्टीनं समुद्रकाठी पडते. कायद्यात असल्या गमती लागतात. स्वतःला बंदी घालून घ्यायची यादी आहे. एक किंवा पाच वर्षांसाठी नाव घातलं की मुदत संपेपर्यंत तुम्ही रडलात तरी काढत नाहीत.

एवढं ऐकून मावसभाऊ खूश झाला होता. "बघ ताई, म्हणजे परवाना द्यायला हवा होता." थांब रे बाबा, पुढचं ऐक. न्यू जर्सीत ऑनलाइन जुगाराची उलाढाल आता प्रचंड आहे. कॅसिनोवाल्यांनी २०२४ मध्ये ऑनलाइनवर सुमारे २४० कोटी डॉलर कमावले. त्यात पोकरचा वाटा जेमतेम एक-दीड टक्का. बाकी सगळं स्लॉट (चक्रं फिरवायची यंत्रं) आणि ऑनलाइन टेबलं, जिथं समोर कंपनीच असते आणि कौशल्याला फारसा वाव नसतो. खेळाडू आपापसांत खेळतात, विचार करून खेळतात, असं म्हणत पोकरवाल्यांनी वर्षानुवर्षं विधिमंडळांचे उंबरे झिजवले. दार उघडलं तेव्हा आत स्लॉट घुसले आणि पोकर दारातच चेंगरला. मी पोकरच्या ॲपवर गेले की आधी तीन रंगीत चक्रं फिरताना दिसतात. पोकरचं टेबल शोधावं लागतं.

शिवाय राज्याच्या भिंतीत कोंडलेला पोकर लहानच राहतो. २०१८ मध्ये न्यू जर्सी, नेवाडा आणि डेलावेरची टेबलं जोडली, २०२२ मध्ये मिशिगन करारात आलं, २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनिया. तरी रात्री माझ्या पातळीच्या टेबलांवर तीच तीच नावं दिसतात. मी त्यांतल्या कुणाला भेटलेले नाही, पण कोण कधी ब्लफ मारतो हे मला शेजाऱ्यांच्या सवयींपेक्षा चांगलं ठाऊक आहे. नवीन माणूस आला की सगळे जण दबा धरतात. हा समाज म्हातारा होत चालला आहे. तरुण मुलं क्रिप्टो आणि खेळांवरच्या पैजांकडे गेली. भर म्हणजे, २०२६ पासून केंद्रीय करात जुगारातल्या नुकसानाची वजावट ९० टक्क्यांवर आणली आहे: वर्षात लाख डॉलर जिंकून लाखच हरलात तरी दहा हजारांवर कर. पोकरवर पोट असलेल्यांसाठी हे बंदीइतकंच जड आहे.

भारतातला समाज याच्या उलट वयात आलेला होता. हिंदीत स्ट्रीम करणारे, शिकवणी घेणारे, एकमेकांना स्टेक (खेळायला भांडवल) देणारे, डाव पाठवून "इथं फोल्ड होता का?", म्हणजे पानं टाकून द्यायला हवी होती का, असं विचारणारे. पंचविशीतली मुलं, इंजिनिअर बरेच, मुलीही होत्या. निकिता लूथरनं २०१८ मध्ये वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट, म्हणजे तिथलं विजेतेपद, जिंकलं तेव्हा मावसभावानं मला पहाटे फोन करून उठवलं होतं. या मुलांना आपण जुगारी आहोत असं वाटत नव्हतं, आणि प्रामाणिकपणे, त्यांतली बरीचशी नव्हतीही. त्या टेबलांवर पैसे आणणारे मात्र दुसरेच होते, आणि त्यांचं कुणी मोजत नव्हतं. या मुलांचं आणि त्यांचं नातं काय होतं, हा प्रश्न मी मावसभावाला विचारला की तो विषय बदलतो.

बंदीनंतर त्याच्या ॲपनं शिल्लक परत केली. आता तो काय करतो? ज्यांना परवडतं ते गोव्याला जातात. मांडवीतल्या जहाजांवर पत्ते चालूच आहेत, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लावून. गोमंतकीयांना त्या जहाजांवर २०२० पासून मज्जाव. म्हणजे आपल्या माणसांचं रक्षण, पाहुण्यांचे पैसे. (महाराष्ट्राची तऱ्हा वेगळीच. आपण १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द केला.) पुणे-गोवा परवडत नाही ते क्लब ॲपवर जातात. ॲपमधल्या चिप्सना कागदोपत्री काही किंमत नाही. एजंटला पैसे पाठवायचे, तो चिप्स देतो. जिंकलात तर चिप्स परत, तो पैसे पाठवतो. पाठवतो तोवर. मावसभाऊ म्हणाला, "एजंट ओळखीचा आहे." जुन्या ॲपवर आधार, पॅन, बँक खातं, सगळं जुळवून मगच पैसे निघत, आता सगळी भिस्त एका फोन नंबरवर. डावाची नोंद कुणाकडे मागायची? दोघे संगनमतानं खेळत असतील तर तक्रार कुणाकडे? पोलिसात गेला तर काय सांगणार? खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे खरं, पण त्याला दादही नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

असे क्लब इथं अमेरिकेतही चालतात, परवाना असलेल्या राज्यांतसुद्धा. हे कबूल करायला हवं. परवान्यानं चोरवाटा बुजत नाहीत. पण मुख्य रस्ता असला की चोरवाटेवरच्यांना हुसकता येतं. याचा पुरावा त्याच ऑगस्टमधला आहे. भारतात राष्ट्रपतींची सही व्हायच्या आठवडाभर आधी, १५ ऑगस्ट २०२५ ला, न्यू जर्सीच्या गव्हर्नरनी स्वीपस्टेक्स कॅसिनोंवर बंदी घातली. हे दोन प्रकारची नाणी विकून "आमच्याकडे जुगार नाहीच" म्हणणारे लोक होते. म्हणजे न्यू जर्सीही बंदी घालते. पण ज्यांनी हिशेब द्यायचं कबूल केलंय त्यांना ठेवून, न देणाऱ्यांवर घालते. आपण हिशेब देणाऱ्यांवर घातली.

काका म्हणतील, तुझं अमेरिकेचं कौतुक तुझ्याकडे ठेव. ठेवते. न्यू जर्सी सोडा, चेन्नई घ्या. तमिळनाडूनं आत्महत्यांनी हादरून आधी सरसकट बंदी आणून पाहिली, ती कोर्टात टिकली नाही. मग त्यांनी नियम केले: आधारनं ओळख पटवल्याशिवाय खेळ नाही, आणि रात्री बारा ते पहाटे पाच टेबलं बंद. कंपन्या कोर्टात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये ते नियम उचलून धरले. मला हा रात्रीचा नियम फार शहाणपणाचा वाटतो. टेबलावर बसलेल्या कुणालाही विचारा, माणूस बुडतो तो पहाटे दोनला, हरलेलं भरून काढायच्या नादात. दोन-अडीच महिन्यांत दिल्लीच्या कायद्यानं हा प्रयोग गुंडाळला. तो चालला की नाही हे आता कुणालाच कळणार नाही. त्याआधी २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानंही नियम काढले होते. स्वयंनियमन संस्था खेळ तपासून मान्यता देणार होत्या. एकाही संस्थेला मान्यता मिळाली नाही. नव्या कायद्याविरुद्धच्या याचिका कर्नाटक, दिल्ली, मध्य प्रदेशातून गोळा होऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि तिथं पुन्हा कौशल्य की नशीब हेच दळण.

पुण्यातल्या एका वकील मैत्रिणीनं यावर मला गप्प करायचा प्रयत्न केला. "तुमच्याकडे नियम पाळले जातात गं. आपल्याकडे यंत्रणा कुठंय? म्हणून बंदीच बरी." हा आक्षेप कौशल्याच्या वादापेक्षा कितीतरी खरा आहे, आणि मी त्यावर बराच विचार केला. पण १ एप्रिल २०२३ पासून याच ॲपकडून सरकार निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस कापून घेत होतं. खेळाडूनं पैसे काढले की लगेच, आणि वर्षाअखेरीला उरलेल्यावर. त्यासाठी प्रत्येक खेळाडूनं किती भरले, किती काढले, सुरुवातीची शिल्लक किती, शेवटची किती, हे पॅननिशी ठेवावं लागत होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, तोही वसूल होत होता. मावसभावाकडे कापलेल्या कराची प्रमाणपत्रं आहेत, मी ती पाहिली. एकही आकडा चुकलेला नाही. कर कापायला यंत्रणा होती. मग त्याच कंपन्यांकडून दर महिन्याला बँकेचं एक पत्र मागवायला काय हरकत होती, की खेळाडूंच्या शिलकीइतकी रक्कम वेगळ्या खात्यात जमा आहे? आम्ही ऑडिटमध्ये असं पत्र रोज मागवतो. एका पानाचं असतं, आणि बँक ते थेट तपासणाऱ्याला पाठवते, कंपनीच्या हातात देत नाही.